लाल गाडीचा हेवा

मित्रांनो, क्षणभर कल्पना करा. तुम्ही लाकडाचे आहात, जागचे हलू शकत नाही आणि तुमच्या डोळ्यांदेखत सगळी मुलं दुसऱ्याकडेच धावतात. कसं वाटेल?

मी लहान मुलांच्या रुग्णालयातला एक जुना डुलणारा घोडा आहे. एका सुताराची मुलगी इथून बरी होऊन घरी गेली, तेव्हा त्याने मला घडवून इथे आणून दिलं. मुलांनी धरून धरून माझा डावा कान गुळगुळीत झाला आहे. माझ्या पाठीवर बसलं की मुलं ऑपरेशनची भीती विसरत. मग एक लाल गाडी आली. सिस्टर मुलांना तिच्यात बसवून दोरीने ऑपरेशनच्या खोलीपर्यंत ओढत नेऊ लागल्या. चार चाकं काय मिळाली, तिचा तोरा बघवत नाही!

एकदा पाच वर्षांचा टिल्लू मामाबरोबर आला. आल्या आल्या माझ्यावर बसला. "मी उद्यापण बसणार हं!" माझी छाती फुगली.

मुलगा आईच्या पोटात असताना त्याचे दोन वृषण, म्हणजे दोन लहान गोळ्या, त्याच्या पोटात तयार होतात आणि बहुधा जन्माआधीच खालच्या पिशवीत उतरतात. टिल्लूची एक गोळी वर, जांघेतच अडकली होती.

"आम्हाला वाटलं, उतरेल आपोआप," मामा म्हणाला.

"सहा महिन्यांनंतर सहसा नाही उतरत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वर्ष-दीड वर्षाचा होईपर्यंतच ऑपरेशन करून घ्यायचं. असू दे, आलात ना आता!"

टिल्लू भुलीच्या औषधाने गाढ झोपेत असताना त्यांनी जांघेत छोटीशी चीर दिली, गोळी खाली आणली आणि पिशवीत टाक्यांनी नीट बसवली. मग बजावलं, "तीन आठवडे घोडा बंद, सायकल बंद. गाडीत बसलास तर चालेल."

"घोडेस्वाराचा गाडीवान झाला की!" मामा म्हणाला. सगळे हसले. मी नाही हसलो.

दुसऱ्या दिवशी मामा घरी जायचे कागद आणायला गेला. टिल्लू हळूच माझ्याजवळ आला. "एकदाच बसतो. कुणाला सांगू नकोस."

खरं सांगतो, मी मनात म्हणालो, बस! बघू दे त्या लालीला!

त्याने पाय उचलला आणि कळवळला, "आई गं!" पाय खाली आला. टाके उसवले असते तर? माझी मलाच लाज वाटली.

मित्रांनो, ऑपरेशन झालेल्या सोबत्याला 'एकदाच खेळ' असा आग्रह करू नका. आणि घरातल्या बाळाची एकच गोळी हाताला लागत असेल, तर मोठ्यांनी लाजून गप्प बसू नये, डॉक्टरांना दाखवावं.

टिल्लू वळला आणि सरळ लाल गाडीकडे गेला. माझा जळफळाट पुन्हा सुरू झाला. पण त्याने गाडी हळूहळू सरकवत माझ्या मागे आणली, तिची दोरी माझ्या गळ्यात अडकवली, पाय जुळवून आत बसला आणि ओरडला, "हं, ओढ रे घोड्या!"