पंचकातली खोली

तानबा धनिष्ठा पंचकात गेला. अशा दिवसांत मरण आले की ती जागा काही महिने बंद ठेवावी, नाहीतर मरण पुन्हा तेच दार शोधते, असे वर्ध्याला लागून असलेल्या पिपरीतले जुने लोक मानत. भैय्याजींनी आपल्या चाळीतल्या तानबाच्या खोलीला कुलूप लावले आणि शेजारच्या रुख्मिणीबाईंनाही महिनाअखेर निघायला सांगितले. भाडे थकलेले नव्हते. म्हातारे भाडेकरूच आता त्यांना नको होते.

रुख्मिणीबाई देवळापुढे कापसाच्या वाती विकत. मूलबाळ नव्हते. विक्री आटोपली की त्या खोली शोधत वर्धाभर फिरत. लोक पाणी देत, बसा म्हणत, मग विचारत, सोबत कोण? कोणी नाही म्हटले की ती खोली नेमकी पाहुण्यांसाठी ठेवलेली निघे. एका घरी तर त्यांनी वय कमी सांगितले आणि भराभर जिना चढून दाखवला. वर पोचल्यावर दम लपवता लपवता खोकल्याची उबळ आली.

घरी बसवत नसे. डबे पुसायचे, मांडायचे, पुन्हा खाली काढायचे. शेवटी त्या भैय्याजींकडे गेल्या.

"मले तानबाची खोली द्या."

"येड लागलं का आजी? पंचकाची खोली हाय ते."

"म्हनूनच मांगून राह्यलो. दुसरं कोन घेते तिले?"

"अन् तुमी तिथंच गेल्या तं? पुन्हा बंद पडन."

"आता का चालू हाय?"

भैय्याजींना हसू आले. रुख्मिणीबाईंची खोली लगेच चांगल्या भाड्याने जाणार होती. शांतीची पूजा होईपर्यंत राहा, ते म्हणाले.

उन्हाळ्यात पूजा झाली. चौथ्याच दिवशी कुंदन नावाचा तरुण बायकोला घेऊन खोली पाहायला आला. भैय्याजींनी नळ दाखवला, खिडकी दाखवली. तानबाचे नाव काढले नाही. बायकोला, रक्षाला, दिवस गेलेले होते. तिने दारात उभ्या असलेल्या रुख्मिणीबाईंना विचारले, खोली बरी आहे ना?

"वारा चांगला येते," रुख्मिणीबाई म्हणाल्या. मग थांबल्या. "पन पोरी, इथं म्हातारा गेला. पंचकात. शांत केली हाय, तरी सांगून ठेवतो."

कुंदन हसला. रक्षा मात्र पोटावर हात धरून बाहेर अंगणात गेली आणि पुन्हा आत आली नाही.

ते गेल्यावर भैय्याजी म्हणाले, "काऊन सांगतलं आजी?"

"सांगतलं नसतं तं मी कुठं गेलो असतो?"

भैय्याजी रागावले नाहीत. पुढचे गिऱ्हाईक तुम्ही देवळाकडे गेल्यावर आणीन, एवढेच बोलून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी रुख्मिणीबाई देवळाकडे गेल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. पोते अंथरून त्या दारातच वाती वळत बसल्या. विकायला गेल्याशिवाय भाडे कुठून यायचे, हे त्यांनाही कळत होते. पण फाटक वाजले की हातातला कापूस खाली पडे, आणि कोण आले ते बघायला त्या उठत. कधी दूधवाला असे, कधी नुसता वारा.