घट्टे नसलेला हात

मित्रांनो, मी मिठागरातलं एक जुनं लाकडी फावडं आहे. लांब दांडा आणि पुढे आडवी फळी, एवढंच माझं अंग. उरणजवळच्या एका गावात मीठ ओढणाऱ्या विनेशनं मला घडवलं आणि दांड्यावर तीन खाचा पाडल्या. ती त्याची खूण.

आठ वर्षं मी मीठ ओढून बांधावर आणलं. जनी मला धरायची तेव्हा काम हलकं वाटायचं. "याचा दांडा बरा हाय, हाताला लागत न्हाय," असं ती नवऱ्याला, हिरामणला सांगायची. विनेशचं फावडं जनीच्या हातात कसं? आमच्याकडे तसंच चालतं. जेवायच्या वेळी सगळे फावडी चिखलात रोवतात आणि उठल्यावर हाताला येईल ते घेतात.

एका दुपारी जनी बांधावर एकटी होती. एका माणसानं तिच्या गळ्यातलं डोरलं ओढलं. ती ओरडली. त्यानं मला उपटलं आणि तिच्या डोक्यात घातलं. मित्रांनो, त्या तळहाताला घट्टे नव्हते. मीठ ओढणाऱ्या प्रत्येक हाताला घट्टे असतात. विनेशच्या हाताला तर भेगाही होत्या.

हिरामण धावत आला. त्याला रक्त दिसलं, मग तीन खाचा दिसल्या. आदल्या दिवशी विनेश पाणी सोडण्यावरून जनीशी भांडला होता.

"विनेशनंच मारली!" हिरामण ओरडला. पोलिसांनी तेच लिहून घेतलं. डोरलं कधीच सापडलं नाही.

दोन वर्षांनी, जेवून उठल्यावर मीठ ओढताना हिरामणनं सहज हाताकडे पाहिलं. हातात स्वतःचं नाही, बरोबर मीठ ओढणाऱ्या रावजीचं फावडं होतं. तो तिथेच चिखलात बसला.

हे त्यानं कोर्टात सांगितलं तेव्हा मी टेबलावर होतो, अंगाला चिठ्ठी बांधलेली.

"साहेब, मी चुकलो. मी मानूस बघितला न्हाय, खाचा बघितल्या."

"जबाब फिरवताय?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"फिरवतो. आनि त्यानं मारली असली तरी फाशी नको. जल्मभर आत ठेवा. उद्या खरा सापडला तर तुरुंगाचं दार उघडता येतं. मेलेला कुठून आनाल? मी दोन वर्सं दारात बसून बघतो. जनी येत न्हाय."

बाहेर तोच रावजी, गावचा पुढारी, त्याच्यावर खेकसला, "बायकोची राख खाडीत सोडलीस, संगती अक्कल पन सोडलीस काय?"

"बायको माजी मेली, रावजी. तुजी न्हाय."

विनेशची आई ठमाबाई भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, तू बोट दाखवलास तवा सगल्यांनी आयकलं. आता कोन आयकनार?"

कुणी ऐकलं नाही. विनेशला फाशीची शिक्षा झाली आणि वरच्या कोर्टातही ती कायम राहिली. दयेच्या अर्जावर हिरामणची सही आणि ठमाबाईचा अंगठा आहे. गावातून तिसरं नाव मिळालं नाही. उत्तर अजून आलेलं नाही.

मी मुद्देमालाच्या खोलीत पडून आहे. पावसाळ्यात माझ्या लाकडातलं मीठ पाझरतं आणि चिठ्ठीवरची अक्षरं पुसट होतात. सगळं संपल्यावर मला जाळायचं, असा हुकूम आहे.

मित्रांनो, राग आला तरी बोट दाखवण्याआधी नीट बघा. आणि जे परत देता येत नाही, ते कुणाकडून घेऊ नका. तो हात फक्त मला माहीत आहे. आधी विनेश जाईल, मग मी.