चौथं मॉड्यूल

चूक पेटीची नव्हती. ताईला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि धाकट्या भावासमोर ते सिद्ध करणं वेगळं. धाकट्याने निकाल कधीच लावून टाकला होता. वडील, म्हणजे नाना, पडले आणि धोक्याची घंटा देणारी पेटी वाजली नाही, म्हणजे पेटी कुचकामी. पेटी कुचकामी, म्हणजे घरात नानांकडे लक्ष राहत नाही. लक्ष राहत नाही, म्हणजे नानांना वृद्धाश्रमात ठेवायचं. झालं, मिटलं! जेवणाच्या टेबलावर त्या संस्थेचा फॉर्म पडला होता, अगदी नानांचं पथ्य काय इथपर्यंत भरलेला. खाली फक्त नानांची आणि ताईची सही राहिली होती. उद्या सकाळी दहाला संस्थेची माणसं नानांना बघायला येणार होती, आणि त्यांना वेळ देण्याआधी ताईला एका शब्दाने विचारावं एवढंही त्याला सुचलं नव्हतं.

वर तिलाच सांगत होता, की ताई, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नकोस. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई गेल्यापासून घर कुणी सांभाळलं, गेल्या वर्षी नानांचा डावा पाय लुळा पडल्यावर त्यांना रोज धरधरून कुणी चालवलं? आणि हा वर्षातून पंधरा दिवस येणार, उंटावरून शेळ्या हाकणार आणि भावना कोणाच्या मोजणार, तर तिच्या!

नाना आतल्या खोलीत पलंगावर होते. डाव्या मनगटाला प्लास्टर, भुवईवर चार टाके. कसे पडलात, असं डॉक्टरांनी विचारलं, ताईने विचारलं, खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनीही विचारलं. सगळ्यांना त्यांनी एकच उत्तर दिलं, पडलो म्हणजे पडलो, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. बोलायचं नाही म्हटलं की नाही.

तर ती पेटी. ताईचं दोन गल्ल्या पलीकडे मिक्सर, इस्त्र्या आणि पंखे दुरुस्तीचं दुकान होतं, सव्वीस वर्षं चाललेलं. नानांना कुणी धरलं तर ते चालायचे, पण "मला धर" म्हणणं त्यांच्या जिभेला जमायचं नाही. ताई दुकानात गेली की ते एकटेच उठायला बघायचे. म्हणून वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ताईने शाळकरी पोरं खेळायला घेतात तसला तळहाताएवढा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणला. आधी दोन बोर्ड जाळले, मग शिकली. बोर्डाला तीन मॉड्यूलं, म्हणजे छोटे तयार सुटे भाग, जोडली आणि सगळं एका पेटीत बसवलं. एक गादीखालच्या पट्टीवरचा दाब मोजणारं, एक छोटा पडदा, आणि एक घड्याळाचं. पट्टीवरचा दाब कमी झाला, म्हणजे नाना उठले, की घरात घंटा वाजायची आणि तिकडे दुकानात लाल दिवा लागायचा. ताई हातातला स्क्रू ड्रायव्हर टाकून धावायची. चार मिनिटांत घरी. कुणी घरात असेल तर त्याने घंटा ऐकून उठायचं.

या मॉड्यूलांची एक रीत असते, आणि ती न पाळणाऱ्याला ती दया दाखवत नाहीत. सगळी एकाच दोन वायरींवर बसतात. म्हणून प्रत्येकाला आपापला नंबर असतो. बोर्ड नंबर पुकारतो, ज्याचा असेल त्याने उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. वर्गातल्या हजेरीसारखंच. नवीन मॉड्यूल लावायचं तर आधी त्याचा नंबर बघायचा, मगच वायरीला हात. ताईने पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला होता. कुठला नंबर कुणाचा ते त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं. शिवाय रोज दुकानात जाण्याआधी ती पट्टीवर हात दाबून, सोडून, घंटा वाजते ना ते बघायची. अकरा महिने पेटी एकदाही चुकली नव्हती.

धाकटा आला आणि पेटी बघून हसला. मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस तो, त्याला त्या वायरींचा गुंता बघवेना. पाचव्या दिवशी सकाळी त्याने ताईला सांगितलं की मी जरा सुधारणा केलीय, आता नानांच्या खोलीचं तापमान माझ्या फोनवर दिसतं. ताई घाईत होती. तरी पट्टी तपासायला वळली, तर तो म्हणाला, मी बघितलंय सगळं, तू जा. आणि ती गेली. हे तिला चार दिवस खात होतं, कबूल. स्वतःच्या हाताची सवय दुसऱ्याच्या शब्दावर सोडली, ती तिने सोडली. त्याच दुपारी नाना पडले. दुकानातला दिवा लागला नाही, घरात घंटा वाजली नाही. धाकटा बाहेरच्या खोलीत मीटिंगमध्ये होता, धप्प आवाज झाला तेव्हा धावला, असं त्यानेच सांगितलं.

नंतरचे दिवस दवाखान्यात गेले. धाकट्याने पेटीची वायर उपटून ती कपाटावर ठेवली होती, अडगळ ठेवतात तशी. आज संध्याकाळी फॉर्म समोर आला तेव्हा ताई उठली, स्टुलावर चढली, पेटी खाली काढली आणि टेबलावर त्या फॉर्मच्या शेजारीच उघडली.

आत चार मॉड्यूलं होती. चौथं नवंकोरं, निळं, तापमानाचं, धाकट्याच्या हातचं. वायरी मात्र सुरेख वळवून बांधल्या होत्या, अगदी फोटो काढण्यासारख्या. झाकणावरचा कागद गायब. ताईने विचारलं, कागद कुठे गेला? धाकट्याने लॅपटॉपमधून मान वर केली. घाण दिसत होता, म्हणून काढला, म्हणाला. वाचलास? वाचायचं काय त्यात, तुझे आकडे होते कसले तरी.

ताईने भिंग घेतलं आणि निळं मॉड्यूल उलटं केलं. नंबर अठ्ठेचाळीस. दाब मोजणाऱ्या मॉड्यूलाचा नंबर काय? अठ्ठेचाळीस! बोर्डाने अठ्ठेचाळीस म्हणून पुकारा केला की दोघं एकदम बोलत होते, आणि त्या गलक्यातून बोर्डाला एकच आकडा मिळत होता, पलंगावर माणूस आहे असं सांगणारा. नाना उठले, लटपटले, पडले, जमिनीवर पडून राहिले, आणि पेटीच्या मते ते आपले गादीवर झोपलेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. चार दिवस बिचारी पेटी शिव्या खात कपाटावर बसली होती, आणि ताई तिच्याबरोबर.

राग डोक्यात ठेवून सोल्डरिंग होत नाही. म्हणून ती पाणी प्यायली, थांबली, मग बसली. निळं मॉड्यूल काढून फेकणं सोपं होतं, पण ते तिने केलं नाही. त्याच्या पाठीवर दोन इवल्या टिकल्या असतात, त्या सोल्डरने जोडल्या की नंबर बदलतो. एक थेंब पुरतो. तिने तो टाकला, धाकट्याने बोर्डाच्या प्रोग्राममध्ये घातलेल्या ओळीत एक आकडा बदलला आणि नानांना न हलवता गादीखालच्या पट्टीची लांब वायर टेबलापर्यंत ओढून पेटीला पुन्हा जोडली. पडद्यावर दाब दिसला, शेजारी तापमानही दिसलं. चारी मॉड्यूलं आपापल्या पाळीने बोलत होती. पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटं याने कागद वाचला असता, तर नानांचं हाड मोडलं नसतं.

हे सगळं तिने त्याला ऐकवलं. आवाज चढवूनच ऐकवलं, का नाही ऐकवायचं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हेही ऐकवलं. धाकट्याचा चेहरा उतरला होता, हे खरं. पण कसलेला बोलणारा तो.

"ठीक आहे, चूक माझी," तो म्हणाला. "पण मग माझंच म्हणणं खरं झालं ना? एवढ्याशा टिकलीने जे बंद पडतं, त्याच्या भरवशावर तू नानांना ठेवतेस?"

संतापाची गोष्ट हीच, की बोलणं खोटं नव्हतं. चूक याची, नुकसान नानांचं, आणि पुरावा निघाला तोही याच्याच बाजूचा. धाकट्याने फॉर्म तिच्याकडे हलकेच सरकवला, वर पेन ठेवलं, आणि ती वाचेपर्यंत म्हणून पुन्हा लॅपटॉपकडे वळला.

तेवढ्यात घंटा वाजली.

कर्कश घंटा होती ती, मुद्दामच तशी आणलेली, आणि घरभर घुमत होती. नानांच्या खोलीचं दार धाकट्याच्या खुर्चीपासून तीन पावलांवर होतं. ताई टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, हातात तापलेली सोल्डरिंग गन. धाकट्याने लॅपटॉपवरची नजरसुद्धा काढली नाही.

"ताई, वाजतंय बघ," तो म्हणाला.

त्याचं वाक्य संपायच्या आत ती गन स्टँडवर टाकून टेबलाला वळसा घालून दारात पोचली होती. नाना पलंगाच्या कडेला उभे होते, चांगला हात उशाशी टेकवून, सगळं अंग हेलकावत. तिने त्यांच्या काखेत हात घातला. मग तिने मागे वळून बघितलं. धाकटा खुर्चीतच होता. आत्ता कुठे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि तो उठायला लागला होता.

नाना त्याच्याकडेच बघत होते. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांनी भिंत सोडून माणसाकडे बघितलं.

"त्या दिवशी पेटी बंद होती," ते सावकाश म्हणाले. "मी बंद नव्हतो. मी तीन हाका मारल्या तुला."

घंटा वाजतच होती. धाकट्याने एकदा ताईकडे बघितलं, एकदा पेटीकडे.

"ऐकल्या होत्या, नाना," तो म्हणाला. "मला वाटलं, खरंच उठले असते तर पेटी वाजली असती."

ताईला वाटलं होतं की आता आपण फाडफाड बोलू. चार दिवसांचा साठा होता तिच्याकडे, एकेक शब्द घासून ठेवलेला. ज्या पेटीला हा भंगार म्हणत होता, तिच्यावर याने बापाच्या आवाजापेक्षा जास्त विश्वास ठेवला होता. आणि नानांनी काय केलं, तर टाके पडले तरी तोंड उघडलं नाही, पोराची अब्रू झाकून भिंतीकडे बघत राहिले. पण आत्ता तिला फक्त नानांचं अंग आपल्या हातावर जड लागत होतं.

नानांनी तिचा हात काखेतून काढला.

"तू हो बाजूला. त्याला येऊ दे."

धाकटा आला. उजव्या बाजूने, धडधाकट हाताच्या बाजूने आला. एवढे दिवस घरात होता आणि बापाला कुठून धरायचं हे त्याला माहीत नव्हतं. ताईच्या जिभेवर आलं होतं, पण नानाच म्हणाले, "डावीकडून." मग तो वळसा घालून डावीकडे आला, प्लास्टरला धक्का लागू नये म्हणून वाकला, आणि त्याने नानांना धरलं. चुकीचं धरलं, पण घट्ट धरलं.

"बाथरूमपर्यंत," नाना म्हणाले. "आणि तिथून आलो की त्या लोकांना फोन कर. उद्या येऊ नका म्हणावं."

दोघं निघाले, पाऊल पाऊल. नाना पलंगावर परत बसेपर्यंत घंटा थांबणार नव्हती, ताईने ती तशीच केली होती. ताई रिकाम्या पलंगावर बसली असती, तर आवाज थांबला असता. ती उभीच राहिली.