वस्तऱ्याची सिद्धी

न्हाव्याच्या दुकानासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. आत न्हाव्याचा धाकटा मुलगा गिऱ्हाइकाच्या गळ्यावरून सफाईने वस्तरा फिरवत होता आणि दारात हस्तसिद्धबाबा गर्जत होते, "ना शिकवणी, ना सराव! माझा एक स्पर्श आणि जन्माचं कसब!"

लोक माना डोलवत होते. थोरल्याच्या अंगाचा मात्र तिळपापड होत होता. परवापरवापर्यंत वस्तरा धरला की थरथरणारा हा पोरगा! आणि आता वडील आपली खुर्ची त्यालाच द्यायचं म्हणत होते. ती खुर्ची थोरल्याने जन्मापासून आपलीच धरली होती. म्हणून तर तो नुसते केस कापायचा. दाढीचं पुढे बघू, म्हणायचा.

मत्सराला डोळे फार. धाकटा रोज दुपारी नाहीसा होतो, हे एकट्या थोरल्याला दिसलं. एकदा तो मागोमाग गेला. बाबांच्या घरातल्या मागच्या खोलीत धाकटा फुगलेल्या फुग्याला साबणाचा फेस फासून वस्तऱ्याने हळूच उतरवत होता. फट्! त्याने तोंड पुसलं आणि दुसरा फुगवला. कोपऱ्यात फुटक्या रबराचा ढीग साचला होता.

"दादा, कुणाला सांगू नकोस!" धाकटा घाबरला. "बाबा म्हणाले, हे व्रत आहे. बोललो तर सिद्धी जाईल."

थोरल्याने हिशेब केला. बाबांचं बिंग फोडलं तर कसब धाकट्याचंच ठरणार, कौतुक दुप्पट होणार. त्यापेक्षा गप्प बसलेलं काय वाईट?

पण संध्याकाळी वडील म्हणाले, "उद्या तूही बाबांचा हात फिरवून घे आणि माझी दाढी कर. ज्याचा हात सरस, त्याची खुर्ची."

थोरल्याने वडिलांच्या गळ्याची सैल कातडी पाहिली आणि त्याला घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी गर्दीसमोर बाबांनी त्याचा हात कुरवाळला. "झाली सिद्धी!"

"मग हे जरा धरा, बाबा." थोरल्याने फेस फासलेला फुगा त्यांच्या हाती दिला आणि वस्तरा टेकवला. फट्! सगळा फेस बाबांच्या दाढीत. लोक खो खो हसले.

"तुझी श्रद्धा कच्ची!" बाबा ओरडले.

"श्रद्धा पक्की होती, फुगे कमी पडले. हे व्रत काय होतं, सांग रे धाकट्या."

धाकट्याने चाचरत सगळं सांगून टाकलं. मग थोरल्याने त्याच्यापुढे दुसरा फुगा धरला. "बोललास ना? आता गेली का सिद्धी, बघू."

वस्तरा फिरला. फेस उतरला, फुगा तसाच टुमटुमीत! तोवर बाबांनी काढता पाय घेतला होता.

खुर्ची धाकट्याला मिळाली. थोरल्याचा जळफळाट काही गेला नाही, आणि जावा तरी कसा? पण मंडळी, हातात कसब कुणी फुंकर मारून घालत नाही. चुकलेला हात पुन्हा उचलावा लागतो. सरावावाचून कला देतो म्हणणारा भेटला, तर आधी त्याच्याच हाती फुगा द्या.

त्याच संध्याकाळी थोरल्याने कोपऱ्यावरच्या दुकानात फुग्यांचं मोठं पाकीट मागितलं.

"घरी वाढदिवस वाटतं?" दुकानदाराने विचारलं.

"छे! धाकट्याला मागे टाकायचंय."