थोरलीचं नाव

“टाक गं आत! हात भाजतोय का तुझा?” अल्हाजी गर्बा लेकीवर खेकसले.

कानो शहरातल्या आमच्या मुलींच्या शाळेच्या अंगणात, बायकांनी लिहिलेल्या आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या कादंबऱ्या अश्लील ठरवून जाळल्या जात होत्या. झुवैराने डोळे मिटून हातातलं पुस्तक आगीत टाकलं. ते तिच्या आईने, लादिदीने लिहिलेलं. नवऱ्याने अंथरुणात बायकोलाही विचारावं, तुला सुख मिळालं का, एवढंच त्यात म्हटलं होतं. शहरभरच्या बायकांनी ते हिजाबाखाली लपवून वाचलं. अल्हाजींनी मात्र तेवढ्यावरून लादिदीला तलाक दिला आणि मुलगी ठेवून घेतली.

लादिदीला अक्षरं याच शाळेत, मीच शिकवली होती. ती फाटकातून आत आली, तशी माझ्या शेजारची बाई फिसकन हसली.

“आली बघा निर्लज्ज! असलं सगळं शिकली तरी कुठं?”

“आणि तुझ्या उशीखाली काय होतं गं?” मी विचारलं. तिने तोंड फिरवलं.

लादिदी आगीपाशी थांबली. “अल्हाजी, पोरीला न्यायला आलेय.”

“ने की. मी कुठं अडवलंय? नावाने हाक मार. आली तर तुझी.”

बायका लादिदीच्या तोंडाकडे बघू लागल्या. आमच्यात आई आपल्या थोरल्या लेकराचं नाव जन्मभर तोंडाने घेत नाही. घेतलं, तर ती बाई लाज सोडलेली. लादिदीने काहीही लिहिलेलं असो, ही रीत कधी मोडली नव्हती. लेकीला ती ‘ए पोरी’ म्हणायची.

“अल्हाजी, लेकरासमोर असली परीक्षा नका घेऊ,” मी म्हणाले.

“बाई, तुम्हीच ना हिला लिहायला शिकवलंत? आता बघा नुसतं.”

लादिदीचे ओठ हलले, मिटले. मग तिने हाक मारली.

“झुवैरा!”

बायकांनी तोंडं झाकून घेतली. कुणीतरी थुंकलं.

“ऐकलंत?” अल्हाजी सगळ्यांकडे वळून म्हणाले. “पोटच्या थोरलीचीसुद्धा लाज नाही हिला.”

आईच्या तोंडून आपलं नाव पोरीने पहिल्यांदाच ऐकलं होतं, तेही चारचौघांत. तिने दोन्ही कानांवर हात दाबले आणि धावत जाऊन बापाच्या मागे लपली. धावताना तिची एक चप्पल निसटून राखेत पडली.

लादिदीने ती उचलली. हिजाबाच्या टोकाने पुसली, लेकीला पाय सरकवता येईल अशी अल्हाजींच्या मागे सरळ करून ठेवली, आणि मान वर न करता फाटकाबाहेर गेली.