सहा शर्ट, पँट एकही नाही

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी दार उघडलं आणि आधी हेच विचारलं, "तुला न्यायला अजून कुणी आलं नाही ना रे?"

मास्तर हातात चहाचा कप घेऊन दाराशी उभे होते. दोन दिवस ते असेच उभे राहत होते. पुढे त्यांचं शिवणाचं दुकान, मागे ताईंची खोली, मध्ये एकच दार. ठोठावलं की आतून आवाज यायचा, "अंग मोडून आलंय, झोपू दे." मास्तर ताट उंबऱ्यावर ठेवायचे आणि तासाभराने तसंच उचलायचे. जिने चाळीस वर्षं दुसऱ्यांची आजारपणं काढली, त्या परिचारिकेला डॉक्टरकडे चल म्हणून सांगायचं तरी कुणी?

"मला कोण नेणार?" मास्तर म्हणाले.

"पोलीस," ताई म्हणाल्या आणि भिंत धरून खाली बसल्या.

मग कळलं ते असं. परवा सकाळी ताईंना फोन आला. तुमच्या नावाचं एक पार्सल पकडलंय, त्यात नशेची औषधं सापडली आहेत. ताई हसल्या, म्हणाल्या की औषधं मी आयुष्यभर वाटली, पण सगळी चिठ्ठी बघून. पलीकडचा माणूस हसला नाही. त्याने फोन एका साहेबाकडे दिला. साहेब पडद्यावर दिसला. टेबल, मागे झेंडा, अंगात गणवेश, छातीवर बिल्ला. साहेब हळू आवाजात म्हणाला, "बाई, पार्सलवर तुमच्या भावाच्या दुकानाचा शिक्का आहे. गणवेशांच्या गठ्ठ्यातून हा माल जातो. तुमचा भाऊ यात आहे. त्याला एक शब्द जरी कळला, तर आत्ता, या क्षणी माणसं पाठवून उचलतो."

देवाने माणसाला प्रेम दिलं आणि त्या प्रेमाला दार मात्र बसवलं नाही. कुणीही यावं, आत शिरावं. स्वतःसाठी ताई एक क्षण घाबरल्या नसत्या. पण आई गेल्यावर ज्याला त्यांनी कडेवर घेऊन वाढवलं, त्याचं नाव निघालं आणि त्या साहेब सांगेल ते ऐकू लागल्या.

"तुम्हाला घरातल्या घरात अटक केली आहे," साहेब म्हणाला. फोन समोर उभा करून ठेवायचा. खोलीबाहेर जायचं नाही. न्हाणीघरात जायचं तर विचारून जायचं. ताई विचारत होत्या. सत्तरीची बाई, सगळा वॉर्ड जिच्या पावलांच्या आवाजाने सरळ व्हायचा, ती एका फोनपुढे हात जोडून विचारत होती, "साहेब, जाऊन येऊ?" दुसऱ्या दिवशी चौकशीपुरती म्हणून साहेबाने सगळी शिल्लक एका खात्यात मागवली. तपास झाला की परत. ताईंनी पाठवली. आज सकाळी पडदा काळा झाला आणि साहेब पुन्हा दिसलाच नाही.

"दोन दिवस," मास्तर म्हणाले. "दोन दिवस मी दाराबाहेर होतो ताई. एक हाक मारायचीस."

"कशी मारणार? तुलाच तर वाचवत होते." ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "आणि खरं सांगू? थोडं थोडं वाटत होतं, की असेलही हा त्यात. इतका मोठा साहेब खोटं कशाला बोलेल?"

मास्तरांना हे टोचलं. पण राग धरायला वेळ नव्हता. म्हणाले, "चल, आधी चौकीत जाऊ. त्या साहेबाचं काही आहे का तुझ्याकडे? कागद, फोटो?"

साहेबाने एक नोटीस पाठवली होती, वर त्याचा फोटो. कंबरेपासून वरचा. मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. चेहरा बघितला, ओळखीचा नव्हता. मग सवयीने नजर कपड्यावर गेली. चेहऱ्याआधी शिलाई बघायची, ही या धंद्याची खोड.

खिशाच्या कोपऱ्याला त्रिकोणी टाका होता. सगळे शिंपी तिथे सरळ टीप मागेपुढे मारून मोकळे होतात. मास्तर त्रिकोण घालतात, कारण गणवेशाचा खिसा शिट्टीने, डायरीने, पेनाने ओढला जातो आणि कोपऱ्यातून उसवतो. त्यांच्या वडिलांनी शिकवलेला टाका. आणि खिशाच्या झाकणाचं काज हाताने केलेलं होतं, एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला बंद. आजकाल काजं यंत्रावर होतात. हाताने काज करणारा माणूस या भागात एकच उरला होता आणि तो या घडीला पुढच्या खोलीत बसून रखवालदारांच्या शर्टांना बटणं लावत होता.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. तू तोंड धुऊन घे," मास्तर म्हणाले आणि मधलं दार ओढून घेतलं.

मास्तरांच्या दुकानात परिचारिका, बसवाहक, रखवालदार, पोलीस, सगळ्यांचे गणवेश होत. बिल्ला लागणारा कपडा असला की एक नियम होता. आधी ओळखपत्र बघायचं, त्याचा क्रमांक मापाच्या वहीत लिहायचा, शेजारी कापडाचा तुकडा टाचायचा, मगच कात्री. एकदा एका खऱ्या फौजदाराला त्यांनी कार्ड घरी विसरलं म्हणून परत पाठवलं होतं. फौजदार चिडला होता, मग हसून कार्ड घेऊन आला होता.

मास्तरांनी वही काढली. चार महिन्यांमागचं पान. सहा शर्ट, पोलिसी, छाती बेचाळीस. क्रमांकाच्या जागी त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'टाचणीचे पाहुणे'.

टाचणी म्हणजे त्यांचा काजवाला. बावीस वर्षं त्यांच्यासोबत. ओठांत सदा चार टाचण्या धरलेल्या, म्हणून हे नाव. म्हणून बोलणंही हं आणि अंहं एवढंच. त्यानेच ती ऑर्डर आणली होती. चुलतभावाची नाटकमंडळी आहे, म्हणाला. मास्तरांनी विचारलं होतं, "पँटी किती?" तर म्हणाला, "पँट नको. साहेब टेबलामागे बसूनच बोलतो." मास्तर तेव्हा पोट धरून हसले होते. "अरे, मग हा साहेब कामावर जातो कसा? चड्डीवर?" आणि हसता हसता ओळखपत्र मागायचं राहिलं. राहिलं कसलं, मागावंसं वाटलंच नाही. टाचणीने आणलेल्या गिऱ्हाइकाचं कार्ड बघायचं म्हणजे टाचणीचंच कार्ड बघण्यासारखं होतं.

त्यांनी वही आणि फोन दोन्ही त्याच्या पुढ्यात ठेवले.

"तोंडातल्या काढ आधी."

टाचणीने फोटो पाहिला. एकेक टाचणी काढून गादीला खुपसली. चारही.

"हे काज कुणाचं?"

"माझं."

"खिसा कुणाचा?"

"तुमचा."

"आणि हा कोण?"

"मास्तर, देवाशपथ, नाटकच आहे असं वाटलं होतं मला."

"होतं म्हणजे? आता नाही वाटत?"

टाचणीने हातातला शर्ट खाली ठेवला. बाहेरून कुणीतरी आवाज दिला, "मास्तर, माझी बाही झाली का?" मास्तर वळून न बघता ओरडले, "नाही झाली! संध्याकाळी या!" त्यांचा असा आवाज गिऱ्हाइकाने कधी ऐकला नव्हता. तो निमूट गेला.

"शर्ट न्यायला आले तेव्हा बसले होते तास दीड तास," टाचणी खाली बघत म्हणाला. "चहा पाजला मला. गोड बोलत होते. दुकानात कोण कोण, मागे कोण राहतं. मी म्हटलं, मास्तरांची बहीण, दवाखान्यातनं निवृत्त झाली, एकटीच आहे, मास्तरांवर फार जीव. सहज बोललो हो. ताईंचा नंबरही दिला, त्यांच्या कुणा आजारी माणसाला सुया द्यायच्या होत्या म्हणून."

"बरं. आणि कळलं कधी?"

"काय?"

"ते नाटक नाही हे."

टाचणीने कात्री उचलली, परत ठेवली. "काल."

"काल कधी?"

"काल सकाळी. ताट ठेवायला तुम्ही मला पाठवलंत ना दाराशी, तेव्हा आतून ऐकू आलं. ताई कुणाला तरी साहेब, साहेब म्हणत होत्या. आणि तो आवाज... तो चहा पाजणाराच होता. ओळखला मी."

काल सकाळी. पैसे गेले काल दुपारी. मधले चार तास हा माणूस इथे, याच गादीवर, बटणं लावत बसला होता. मास्तरांनी त्याला विचारलंही होतं, "ताईला काय झालं असेल रे?" आणि तो म्हणाला होता, हं.

"एक लाथ मारायची होतीस दाराला," मास्तर म्हणाले. "एक. मला सांगायला नको, कुणाला नको, नुसती लाथ."

"दुकान बंद झालं असतं मास्तर. चोरांना गणवेश शिवला म्हणून तुम्हालाच धरलं असतं. तुमच्यासाठीच गप्प बसलो मी."

"माझ्यासाठी?" मास्तरांनी मधल्या दाराकडे बोट केलं. "माझ्यासाठी ती गप्प बसली. ती आत मरत होती आणि माझ्यासाठी गप्प होती. तू स्वतःसाठी गप्प बसलास. दोन्हीला एकच नाव देऊ नकोस."

टाचणी रडायला लागला. मास्तरांना वाटलं, आपल्याला दया येईल. नाही आली. बावीस वर्षं एका डब्यातून जेवलेला माणूस समोर रडत होता आणि आपण त्याला कधी पाहिलंच नव्हतं, असं त्यांना वाटत राहिलं.

"आता नाही सांगितलं तर?" टाचणी नाक पुसत म्हणाला. "ताईंना काय, चौकीत तक्रार देतील त्या. शर्ट कुणी शिवला हे कोण विचारतंय? वहीचं एक पान तर आहे."

मास्तर वहीकडे बघत राहिले. पान खरंच सैल होतं. ओढलं की निघालं असतं. आणि ते आत जाऊन सांगणार काय होते? 'ताई, ज्या साहेबाने तुला सांगितलं की तुझा भाऊ यात आहे, त्याच्या अंगातला शर्ट तुझ्या भावानेच शिवला'? तिच्या मनात आधीच किल्मिष पेरलं गेलं होतं. त्याला आपल्याच हाताने पाणी घालायचं? पैसे गेले ते गेले. पण उद्यापासून तिने आपल्याकडे संशयाने बघितलं, तर या घरात आपलं म्हणून राहिलं काय? ती आत नळाखाली तोंड धूत होती. पाण्याचा आवाज येत होता. तो थांबायच्या आत ठरवायला हवं होतं.

आवाज थांबला. मास्तरांनी वही उचलली आणि आत गेले.

"ताई, शर्ट मी शिवलाय."

टॉवेल तोंडाशी धरून ताई उभ्या राहिल्या. मास्तरांनी सगळं सांगितलं. ओळखपत्र न बघितल्याचं, हसल्याचं, टाचणीचं, कालच्या चार तासांचं. पान उघडून दाखवलं. सांगताना एकदाही 'मला काय माहीत' असं ते म्हणाले नाहीत.

"म्हणजे तो खोटं बोलत नव्हता," ताई म्हणाल्या.

"तेवढं एक खरं निघालं."

ताईंनी टॉवेल घडी करून ठेवला. फार वेळ लावला घडी करायला. मग म्हणाल्या, "वही दे इकडे," आणि ती स्वतःच्या पिशवीत टाकली. मास्तरांच्या हाती ठेवली नाही. मास्तरांना ते समजलं आणि ते मुकाट मागून चालू लागले. टाचणीही उठला होता. ताई त्याच्यासमोरून जाताना थांबल्या नाहीत.

चौकीत टेबलाशी एक तरुण अंमलदार बाई होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "आजी, फोनवर कुणाला अटक होत नाही. अटक करायची तर आम्हाला जिने चढून यावं लागतं, आणि शेजारीपाजारी सगळे बघतात. आणि जो म्हणतो ना, घरात कुणाला सांगू नका, तो पोलीस नाही. आम्ही तर उलट म्हणतो, घरच्यांना बोलवा. असा फोन आला की कट करायचा आणि पहिला दिसेल त्या माणसाला मोठ्याने सांगायचं."

"पहिला दिसेल तो," ताई म्हणाल्या, "दाराबाहेर ताट ठेवत होता."

अंमलदार बाईंना कळलं नाही. त्यांनी वही उलटसुलट पाहिली, फोटो शेजारी धरला, टाचणीचा नाव-पत्ता लिहून घेतला आणि त्याला आणायला माणूस पाठवला. गेलेले पैसे अडवण्यासाठी बँकेला कळवलं. मग पेन थांबवून मास्तरांकडे बघितलं आणि ताईंना विचारलं, "हे विचारावं लागतं आम्हाला. तुमच्या या भावावर तुमचा संशय आहे का?"

मास्तर जमिनीकडे बघत होते. फरशीला एक तडा होता, भिंतीपर्यंत गेलेला.

"दोन दिवस होता," ताई म्हणाल्या. "खोटं का सांगू? अजूनही पूर्ण गेला नाही, जायला वेळ लागेल. पण लिहायचं तर दोन्ही लिहा. शर्ट याने शिवला. आणि शर्ट याने शिवला हे मला यानेच सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं."

अंमलदार बाईंनी लिहिलं. म्हणाल्या, "यांना चौकशीला थांबावं लागेल. संध्याकाळ होईल. आजी, तुम्ही घरी गेलात तरी चालेल."

ताई भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसल्या. मास्तरही येऊन बसले. ताईंनी पिशवी उचलून दोघांच्या मध्ये ठेवली, नीट, उभी, जशी भिंत घालावी तशी.

"मी थांबते," त्या म्हणाल्या.