कैऱ्यांच्या बरणीतली पक्कड

आमच्या पपांना कुणाला नाही म्हणायचं असलं, की ते थेट नाही म्हणत नसत. अट घालत. आणि अट अशी, की समोरच्यानं आपणहून हात जोडावेत आणि निघून जावं. वर पुन्हा चारचौघांत सांगायला मोकळे, "मी कुठं नाय म्हटलं?"

मला चांदीपच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा हेच झालं. ते साल ब्याऐंशी. आमचं घर भुईगावात, समुद्राच्या कुशीत. चांदीप तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला. विरारचं रेल्वेफाटक ओलांडलं की वाड्या मागे पडतात, हमरस्ता ओलांडला की शेतं आणि डोंगर. एस.टी. होती, पण ती स्वतःच्या मर्जीनं यायची. माझ्याकडे सायकल होती आणि पाय धड होते. मला ती नोकरी हवी होती, अगदी मनापासून हवी होती. डी.एड. होऊन घरी बसले होते आणि केळी सोलून सुकेळी वाळत घालताना येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारायची, "हिल्डा, मग कधी?" नोकरी सोडली असती तर आगाशीचं एक स्थळ तयारच होतं. मुलगा वाईट नव्हता. पण नोकरीच्या बदल्यात मला तो नको होता.

पपांनी ओट्यावर बसून शांतपणे विचारलं, "रस्त्यात सायकल मोडली तर?"

"दुरुस्त करीन."

"कशानं? दातांनी?"

"हत्यार नेईन की बरोबर."

"माझी पेटी नेशील?" पपा हसले. त्यांच्या हत्यारांच्या पेटीला कुलूप असायचं आणि किल्ली त्यांच्या गळ्यात, स्कापुलारच्या म्हणजे देवाच्या ताईताच्या दोऱ्याला. "आन पिशवीत ठेवीन म्हनू नको. पिशवी राहते वर्गात, सायकल मोडते रस्त्यात. हत्यार एकच पायजे आन ते दिवसभर अंगावर पायजे. मला खिसा आहे. तुला कुठंय खिसा?"

मला इतका संताप आला की हातातलं केळं मी सालीसकट दाबलं. खिसा नाही म्हणून नोकरी नाही! पण पपांची अट अजून पुरी व्हायची होती. शाळा सुरू व्हायच्या आधी एक दिवस आम्ही दोघांनी आपापल्या सायकलीवर चांदीपला जायचं. तिथं ते माझ्या सायकलीत बिघाड करणार. मी एका हत्यारानं ती दुरुस्त करून घरी आणली, तर नोकरी माझी. "मी हात लावनार नाय. लावीन तर नावाचा बॅप्टिस्ट नाय," असं त्यांनी वर ऐकवलं.

"कबूल," मी म्हटलं. पपांनी भुवई उडवली. हे त्यांना अपेक्षित नव्हतं.

माझा धाकटा भाऊ फेबियन तेव्हा कुवेतहून सुट्टीवर आला होता. अत्तराचा घमघमाट आणि मनानं उदार. त्यानं लगेच आपला लाल चाकू काढून माझ्या हातात ठेवला. काय तो चाकू! पाती, कात्री, करवत, बाटलीचं बूच काढायचा मळसूत्री खिळा, दात कोरायची काडी, आणि भिंगसुद्धा. गल्लीतले लोक तो बघायला येत आणि फेबियन एकेक पातं उघडून दाखवी. "हे घे. याच्यात सगळं आहे," तो म्हणाला.

मी तो घेऊन सायकलीपाशी बसले आणि माझ्या ध्यानात आलं, की सायकल म्हणजे नुसते नट. चाकाला नट, सीटला नट, ब्रेकला नट. लाल चाकूत सगळं होतं, नट फिरवायला काही नव्हतं. भिंगातून नट मोठा दिसला, एवढंच.

मग मी सोपाऱ्याच्या सायकलवाल्याकडून हाडाच्या आकाराचा पाना आणला. दोन्ही टोकांना लहानमोठी भोकं, प्रत्येक मापाच्या नटाला एक. हा नटांचा राजा! पण मागच्या चाकाचा गंजलेला नट जोर लावून फिरवला, तर नटाऐवजी पान्याच्याच कडा झिजल्या. शिवाय त्याला धरता येत नव्हतं, कापता येत नव्हतं, ओढता येत नव्हतं. एका कामात हुशार आणि बाकी नुसतं हाड.

तिसरी वस्तू मला पापडीच्या बाजारात मिळाली. भंगाराच्या ढिगात एक काळी, ठेंगणी, कुरूप पक्कड पडली होती. तिचा जबडा सरकवून लहानमोठा करता यायचा. खाली तार कापायची धार. एका दांड्याचं टोक पेचकसासारखं चपटं, दुसऱ्याचं सुईसारखं निमुळतं. आणि डोकं असं भक्कम, की हातोडी म्हणून ठोकावं. मी ती उचलली तेव्हा मनगट खाली गेलं. बाजारात दुसऱ्या बायका भोपळे ठोकून बघत होत्या आणि मी दगडावर पक्कड.

फेबियन म्हणाला, "हे काय आजोबा उचलून आणलेस?"

मी काही आजोबांच्या प्रेमात पडले नव्हते. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यानं दाराच्या कड्या वर्षात गंजून फुलतात. हत्यार दिवसभर अंगाला लागणार, म्हणजे घामही पिणार. तेव्हा टिकतं कोण ते आधीच कळायला हवं होतं. खारं पाणी घरात कुठं आहे याचा फार विचार करावा लागला नाही. आईची कैऱ्यांची बरणी कोनाड्यात होती, मिठाच्या पाण्यानं काठोकाठ. मी तिन्ही हत्यारं तिच्यात सोडली आणि वर झाकण लावलं.

रविवारी जेवायच्या वेळी आईनं बरणीत हात घातला आणि तिच्या हाती आलं ते हाड.

माझी आई थेरेसा मोठ्यानं बोलणारी बाई नव्हे. पण त्या दिवशी तिचा आवाज देवळापर्यंत गेला असावा. "माझ्या कैऱ्यांत लोखंड!" कैऱ्या काळ्या पडल्या होत्या, पाणी शाईसारखं झालं होतं. त्यातून निकाल बाहेर आला. हाडाला नारिंगी पुरळ उठलं होतं. लाल चाकूची वरची चमक नुसतीच वरची निघाली. बिजागरं आवळून बसली होती आणि एक पातं उघडेल तर शपथ. पक्कडही गंजली होती, खोटं कशाला सांगू. पण चुलीतली राख आणि खोबरेल चोळलं आणि तिचा जबडा पहिल्यासारखा कटकट करायला लागला.

"माझ्या चाकूचं वाटोळं केलंस!" फेबियन ओरडला.

"माझ्या कैऱ्यांचं बोला आधी," आई म्हणाली.

मी दोघांची माफी मागितली. खरं सांगायचं तर मनातून मला अतोनात आनंद झाला होता. माझं हत्यार ठरलं होतं.

आता राहिला खिसा. आईच्या पिढीच्या बायका पैसे, तपकीर, किल्ल्या सगळं कनवटीला लावत. मीही पक्कड कमरेशी साडीच्या ओच्यात खोचून देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मिस्साला गेले. फादर प्रवचनात मौनाचं महत्त्व सांगत होते. मी गुडघे टेकायला वाकले आणि पक्कड सटकली. देवळाच्या लादीवर ठण्णकन असा आवाज झाला की पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं क्रूसाची खूण केली. पपा पुरुषांच्या बाजूला बसले होते. त्यांनी मान वळवली नाही, पण त्यांचे खांदे हसताना मला दिसले. आई मात्र हसली नाही. ती त्या पक्कडीकडे आणि माझ्या कमरेकडे बघत राहिली.

परीक्षेच्या दिवशी मी पक्कड फडक्यात गुंडाळून परकराच्या नाडीला बांधली. पपा आणि मी सकाळीच निघालो. चांदीपला शाळा बंद होती. शेजारच्या वाडीत नथू नावाचा शेतकरी भेंडीला पाणी घालत होता. पपांनी मला तोंड फिरवून उभं राहायला सांगितलं आणि एक खिळा दगडानं ठोकत माझ्या सायकलीशी बराच वेळ खुडबुड केली. मी नाडीची पक्कड चाचपून बघितली.

"बघ आता," ते म्हणाले.

मागचं चाक सैल होऊन तिरकं झालं होतं आणि चेन धुळीत पडली होती. चेनचे दोन शेंडे एकत्र धरून ठेवणारं चिमुकलं लॉक असतं, ते नव्हतं. ते पपांच्या सदऱ्याच्या खिशात होतं. खिसा त्यांना होता ना!

नथू धावत आला. "अरं देवा, चेन तुटली काय? बाई, पानी घ्या आधी. गाडी जुपतो, हमरस्त्यापर्यंत सोडतो तुमाला."

"गाडी नको, नथूभाऊ. तुमच्या कुंपणाची थोडी बारीक तार द्याल?"

"घ्या की."

पपा आंब्याखाली बसले. त्यांनी नथूचं पाणी प्यायलं आणि भेंडीच्या भावाची चौकशी सुरू केली, पण डोळे माझ्या हातांवर होते. मी तार कापली. धुळीतून चेनची कडी शोधली, दोन्ही शेंडे जुळवले आणि लॉकच्या जागी तारेचा वेढा घातला. बोटांनी तो सैल राहत होता. पक्कडीनं ओढून पिळला तेव्हा घट्ट बसला. मग चाक सरळ केलं, चेन ताणली आणि जबडा सरकवून दोन्हीकडचे नट आवळले. गंजलेल्या नटानं एकदा हट्ट धरला. मी पक्कडीच्या दांड्यावर पूर्ण भार टाकला. कर्र असा आवाज झाला आणि नट गपगुमान फिरला.

मी पेडल हातानं फिरवलं. चाक सुळसुळ फिरलं. "झालं, पपा."

पपांनी वाकून तार बघितली, ओढून बघितली. "घरापर्यंत पोचू दे. मग बोलू," ते म्हणाले. ते तसे कडूच औषध होते. पण मला आता त्याचं काही वाटत नव्हतं. माझे हात काळे झाले होते आणि मला गावं असं वाटत होतं.

परतीच्या वाटेवर तारेनं कुरकुर केली नाही. मी पुढे, पपा मागे. हमरस्ता ओलांडला, विरारचं फाटक जवळ आलं आणि माझ्या मागून खाड् असा आवाज आला. मी वळून बघितलं. पपा रस्त्यात उभे होते आणि त्यांच्या सायकलीचं एक पेडल लोंबकळत होतं. पेडलचा दांडा आसाला धरून ठेवणारी एक लोखंडी पाचर असते, सायकलवाले तिला कॉटर म्हणतात. तिचा नट कधीतरी पडला होता आणि पाचर निसटत होती. भुईगाव अजून कितीतरी लांब, आणि पपांचा डावा गुडघा त्यांना मैलभरसुद्धा चालू देत नसे.

पपांनी सदऱ्याचे खिसे चाचपले. एकात तपकिरीची डबी, दुसऱ्यात माझ्या चेनचं लॉक.

मी माझी सायकल स्टँडला लावली. अगदी सावकाश चालत आले.

"पपा, मी हात लावू का? का अट मोडेल?"

फाटकाशी थांबलेल्या टांग्यातली माणसं बघायला लागली होती. पपांनी त्यांच्याकडे बघितलं, सायकलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या मिशीचं टोक हललं.

"लाव गं बाय," ते म्हणाले. "लाव."

मी नाडीचं फडकं सोडलं. पाचर सरळ केली आणि पक्कडीच्या डोक्यानं ठोकली, प्रत्येक ठोक्याला टांगेवाला "वा!" म्हणत होता. नट नव्हताच, तेव्हा नथूच्या तारेचा उरलेला तुकडा पाचरीच्या शेंड्याला पिळून बसवला. पपांनी सायकल माझ्यासाठी धरून ठेवली होती. त्यांनी मुकाट्यानं धरून ठेवलेली मी आयुष्यात पाहिलेली ती पहिली वस्तू. काम झालं तसं फाटक उघडलं आणि पपा सायकलीवर बसता बसता सगळ्या टांग्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी मुलगी आहे. चांदीपच्या शाळेत बाई आहे."

फाटकापासून भुईगावपर्यंत मी जमिनीवर नव्हतेच. सोपारा कधी मागे पडला मला आठवत नाही. देवळाची संध्याकाळची घंटा होत होती तेव्हा आम्ही गल्लीत शिरलो. फेबियन दाराशी उभा होता. माझे काळे हात बघून त्यानं जी शिट्टी मारली, ती ऐकून शेजारचे कुत्रेही भुंकायला लागले.

आत आई शिवणाच्या मशीनवर बसली होती. शेजारी माझे धुतलेले परकर घडी घालून ठेवले होते. तिनं वरचा उचलून माझ्या अंगावर टाकला. उजव्या अंगाला जाड ताडपत्रीचा खिसा, दुहेरी शिवण, बरोबर पक्कडीच्या लांबीचा. खालचा परकर बघितला, त्यालाही खिसा. सगळ्यांना.

पपा चकित झाले. "निकाल लागायच्या आधीच शिवलेस?"

"निकाल कशाला लागायचा होता?" आई म्हणाली आणि दातानं दोरा तोडला.

मला रडू आलं. तिच्या गळ्यात पडले तर तिच्या पांढऱ्या लुगड्यावर माझे काळे पंजे उमटले, तरी ती रागावली नाही. कैऱ्यांचा विषय मात्र तिनं पुढं कितीतरी वर्षं काढला.

शाळा उघडली त्या दिवशी पपांनी माझी सायकल स्वतः अंगणाबाहेर काढून दिली. चेनला नवं लॉक त्यांनीच बसवलं होतं, पण नथूच्या तारेचा वेढा त्यांनी फेकू दिला नाही. "तो राहू दे हँडलला," ते म्हणाले. मग रोज सकाळी, मी त्या शाळेत होते तितकी वर्षं, दुसऱ्या मुलींचे बाप डबा घेतला का विचारायचे आणि माझे पपा ओट्यावरून ओरडायचे, "हिल्डा, खिसा?"

मी मांडीवर थाप मारायचे. आतून ठण्ण आवाज यायचा.

"जा मग," पपा म्हणायचे.